तोळ्यामागे दीड मासा

दुपारी तीनच्या सुमारास आपले वडील, नाना, तबकडी बंद करून बसतात, ही बातमी हेमांगीला पंपाने दिली. त्यामागचं कारण नानांनी स्वतः दिवाळीपासून चार-पाच वेळा सांगितलं होतं. पण नानांच्या बोलण्याला आलेख जोडलेला नसतो, म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

फोनवर लाल अक्षरं उमटली : बॅटरी तीस टक्के. अंबडच्या प्रयोगशाळेपासून पाथर्डी फाट्यावरच्या घरापर्यंत एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी हेमांगी दुसाने, वय बावन्न, गुडघे दुखरे, अकरा मिनिटांत पोचली. दार ढकललं तर नाना खिडकीशी त्यांच्या बुटक्या पाटावर बसलेले, समोर शेजारच्या सुनेचं तुटलेलं पैंजण, आणि छतावरच्या तबकडीचा हिरवा दिवा लागलेला.

"बंद कुणी केली होती?" तिने धापा टाकत विचारलं.

"मी. घरात दुसरं कोण आहे?"

"नाना, चाळीस मिनिटं चालते ती आतली बॅटरी. चाळीस."

"म्हणून पस्तिसाव्या मिनिटाला लावली. हे बघ, घड्याळ समोर ठेवलंय. रोज पंचवीस मिनिटांत उरकतो, आजची कडी नाजूक होती."

"रोज?" हेमांगीने भिंतीला हात टेकला. "आणि मध्येच डोळा लागला असता तर?"

"हातात दागिना असताना माझा कधी डोळा लागलाय का व माय?" नाना म्हणाले आणि चिमट्याने कडी दाबू लागले.

नानांच्या छातीत लिंबाएवढा एक पंप होता. त्यांचं स्वतःचं हृदय आता शोभेपुरतंच उरलं होतं. अशा पंपांना पूर्वी पोटातून वायर काढून वीज द्यायचे. वायरच्या जागी जखम चिघळायची आणि माणूस हृदयाने नव्हे तर त्या भोकाने जायचा. मग वीज हवेतून पाठवायची सोय झाली. छताला ताटाएवढी तबकडी, कातडीखाली ती वीज झेलणारं वेटोळं, आणि कातडीवर, छातीशी, पट्ट्यात अडकवलेलं एक छोटं यंत्र. ते यंत्र किती शक्ती पोचली ते सतत मोजायचं आणि तबकडीला कळवायचं : अजून दे, बस कर. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. नाना त्याला पदक म्हणत. जळगाव जिल्ह्यात, एरंडोलला, त्यांनी साठ वर्षं सोनारकाम केलं होतं आणि असलं ओबडधोबड पदक आपण दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"गरम होतं गं," ते म्हणाले. "इथे कामाला बसलो की. झोपताना नाही, सकाळी नाही. असं वाकून बसलं की छातीला शेक लागतो."

हेमांगीने पदकावरचा आकडा वाचला. मग मर्यादेचा आकडा वाचून दाखवला. दोन्हींमध्ये पुरेसं अंतर होतं. ते तिने याआधीही चार-पाच वेळा वाचून दाखवलं होतं, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा जास्त समजूतदार झाला होता, जसा आपला म्हाताऱ्या माणसांशी बोलताना होतो आणि त्यांना तो अगदी नको असतो.

"बरं," नाना म्हणाले. "रवींद्र गुरुवारी गाडी घेऊन येतोय. मी एरंडोलला जातो."

रवींद्र म्हणजे नानांचा पुतण्या. मनाने चांगला, पण हो म्हणायला फार तत्पर.

"तिकडे तबकडी कुठंय?"

"जळगावचे डॉक्टर जुन्या तऱ्हेची वायर घालून देतात म्हणे. फोनवर बोललो मी."

"एक्याऐंशीव्या वर्षी परत ऑपरेशन? नाना, तुम्हाला भूल सहन होणार नाही, हे मागच्याच वेळी सांगितलंय त्यांनी."

"निदान गरम होतं म्हटल्यावर कुणी आकडा तरी वाचून दाखवणार नाही," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी पैंजण वाजवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

तो मंगळवार होता.

हेमांगीची पंचाईत अशी की तो आकडा तिचाच होता. नाशिकपासून जळगाव-धुळ्यापर्यंतचं प्रत्येक पदक घरोघरी जाण्याआधी अंबडच्या प्रयोगशाळेत येई, आणि त्याची पत्रिका हेमांगी मांडी. ती आयटीआयमध्ये शिकली होती. पुढचं सगळं तिने यंत्रांची माहितीपुस्तकं वाचून मिळवलं होतं, रात्री, लग्न करून पाहिलं होतं त्या तीन वर्षांत. लग्न राहिलं नाही, पुस्तकं राहिली.

पत्रिका हा शब्द तिचाच. लहरींची शक्ती मोजणारा कुठलाही सेन्सर सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा प्रतिसाद देत नाही. खालच्या फ्रिक्वेन्सीची शंभर मात्रा शक्ती आली तर तो नव्व्याण्णव सांगेल, वरच्या फ्रिक्वेन्सीची तेवढीच आली तर नव्वद. ही लबाडी नसते, त्याची घडणच तशी असते, आणि प्रत्येकाची निराळी. म्हणून प्रत्येकाला जन्मतःच एक तक्ता देतात. ठरावीक शक्ती एकेका फ्रिक्वेन्सीवर द्यायची, तो काय सांगतो ते पाहायचं, आणि खऱ्याच्या किती कमी-जास्त सांगतो ते लिहून त्याच्याच स्मृतीत ठेवायचं. मग मोजणारं यंत्र आधी विचारतं : सध्या फ्रिक्वेन्सी कुठली? त्या ओळीतली दुरुस्ती लावतं आणि बरोबर आकडा दाखवतं. फ्रिक्वेन्सी चुकीची सांगितली किंवा तक्ताच चुकीचा असला, तर यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत.

नानांना हे तिने एकदा सांगितलं होतं. ते लगेच म्हणाले होते, "म्हणजे पासंग." तराजूचं एक पारडं मुळातच जड असलं की दुसऱ्याला छोटं वजन बांधून काटा सरळ करतात, तो पासंग. "पण आमच्या काट्याला एकच असायचा. तुझ्या काट्याला दर सुराला वेगळा. भारी नखरा आहे."

तबकडीपायी हा नखरा सोसावाच लागे, कारण तिला फ्रिक्वेन्सी सारखी बदलावीच लागे. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी. माणूस जेवला, घामेजला, कुशीवर वळला की वीज पोचायची वाट बदलते. मग तबकडी जुन्या रेडिओवर स्टेशन शोधावं तशी दोनपासून सहा गिगाहर्ट्झपर्यंत फिरते आणि जिथे चांगलं पोचतं तिथे थांबते. नाना झोपलेले असले की ती खाली, अडीचच्या आसपास असे. आणि पाटावर, गुडघे वर घेऊन, शेगडीपुढे बसल्यासारखे वाकले की ती वर चढून साडेपाचच्या पुढे जाई.

हे हेमांगीला माहीत होतं. मंगळवारी स्वयंपाकघरात डाळ फोडणीला टाकताना ते तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. झोपताना नाही, सकाळी नाही. वाकून बसलं की.

मोहरी जळाली.

बुधवारी तिने रजा घेतली. तबकडीचा तपासणीचा मार्ग उघडायची परवानगी तिच्याकडे होतीच, म्हणजे फ्रिक्वेन्सी हाताने ठरवता येत होती. जेवणं झाल्यावर ती नानांसमोर लॅपटॉप घेऊन बसली.

"उद्या जायचंच असेल तर जा," ती म्हणाली. "आज माझं एक काम करा. पाठ माझ्याकडे करून बसा. मी आत बदल करत राहीन. पदकावरचा आकडा तोच ठेवीन. तुम्ही फक्त सांगायचं, शेक किती."

"परीक्षा घेतेस?"

"हो. पण तुमची की पदकाची, ते मला अजून माहीत नाही."

नानांना हे उत्तर आवडलं असावं. ते पाटावर वळून बसले, डोळे मिटले. साठ वर्षं शेगडीपुढे, तोंडात फुंकणी धरून, मुशीतलं सोनं कधी वितळेल ते त्यांनी गालाच्या कातडीवर ओळखलं होतं. थर्मामीटर दुकानात कधी नव्हता.

"दोन," हेमांगीने मनात म्हटलं आणि पाच मिनिटं थांबली.

"काही नाही."

तीन. "तेच."

चार. "तेच. थोडंसं, पण तेच धर."

साडेपाच.

नाना दोन मिनिटांतच म्हणाले, "चढलं."

तिने पुन्हा तीनवर आणलं. "उतरलं." सहावर नेलं. "चढलं, मघापेक्षा जरा जास्त." मग तिने लबाडी केली, सहावरच ठेवलं आणि कळफलक उगाच बडवला.

"तेच आहे की," नाना पाठमोरेच म्हणाले. "मला काय गिऱ्हाईक समजलीस?"

हेमांगीला हसू आलं. पदकावरचा आकडा सगळा वेळ एकच होता.

"किती जास्त, नाना? अंदाजे."

त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, चिमूट तोलावी तसा. "तोळ्यामागे दीड मासा."

बारा माशांचा तोळा. तिने मनात भागाकार केला. साडेबारा टक्के.

"आता माझं ऐक," नाना वळून म्हणाले. "काट्यावर संशय आला तर दुसरा काटा आणायचा आणि तोच माल तोलायचा. माझं जुनं पदक त्या डब्यात आहे."

जुन्या पदकाचा पट्टा दिवाळीत तुटला होता, म्हणून नवं आलं होतं. जुनं टाकून द्यायचं असं कंपनीने सांगितलं होतं; पण ज्या माणसाने आयुष्यभर कानशीचा कीस झाडून ठेवला, तो काही टाकत नाही. हेमांगीने दोन्ही पदकं एकाच जागी, आलटून-पालटून धरली. तीनवर दोघांचं एकमत. सहावर नवं म्हणालं शंभर, जुनं म्हणालं एकशे बारा.

ती जमिनीवरच बसली.

"जुनं पदक तपासलं गेलं ते श्रावणात," ती म्हणाली, "आणि हे दिवाळीनंतर." पुढचं ती बोलली नाही, कारण मधली तारीख तिला आठवली होती. खंडेनवमी.

त्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. कामं बंद, यंत्रांवर झेंडूच्या माळा, पेढे. कुंकू फक्त पेट्यांना लावायचं, यंत्राला नाही, हा तिथला नियम. आणि तो हेमांगीनेच घातलेला. त्या खेपेला पंप बसवून नुकतेच हिंडते-फिरते झालेले नाना पूजेला आले होते. तिला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. तिने कपाटातून संदर्भ-सेन्सर काढला, ज्याच्यावरून बाकी सगळ्यांच्या पत्रिका मांडतात तो, आणि त्याच्या तोंडाचं टोपण उघडलं. आत सोन्याचा मुलामा दिलेली, सुईच्या टोकाएवढी जोडणी.

"काय काम आहे," नाना म्हणाले होते. आणि सोनाराने उघडं सोनं समोर पाहून, पूजेच्या दिवशी, जे करायचं तेच केलं. ताटात बोट बुडवलं आणि हळद-कुंकू लावलं.

तिने ते पुसलं होतं. स्पिरिटने, मऊ काडीने, नाना पेढा खात असताना. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवं होतं, नोंद करायला हवी होती, सेन्सर दिल्लीला फेरतपासणीला पाठवायला हवा होता. म्हणजे तीन महिने काम बंद, आणि कारणाच्या रकान्यात वडील. रोज सकाळची तपासणी होते ती खालच्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर; तिथे सगळं ठीक आलं. तेवढ्यावर तिने मनाची समजूत घातली होती. वरच्या फ्रिक्वेन्सींची तपासणी सहा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या महिन्यात यायची होती.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "आहे. पण आधी एक फोन करते, नाहीतर करणार नाही."

रुकसाना तांबोळी प्रयोगशाळेची प्रमुख होती. हेमांगीहून सहा वर्षांनी लहान आणि दोन पदव्यांनी मोठी. दुपारी साडेचार वाजता दोघी एकाच सूक्ष्मदर्शकाशी उभ्या होत्या. सोन्याच्या गोल कड्याच्या आत, पुसणारी काडी पोचत नाही अशा खोबणीत, दोन कण. एक पिवळट, एक लालभडक.

"सुरेख रंग आहे," रुकसाना म्हणाली.

"मॅडम."

"थांबा, मला समजून घेऊ द्या. खालच्या फ्रिक्वेन्सीला हे कण अडवत नाहीत. वरच्या लहरींना अडवतात. म्हणजे वर आपला संदर्भ-सेन्सर शंभराचे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद वाचतो आणि आपण तेच खरं धरलं. त्यावर बेतलेलं प्रत्येक पदक तेवढंच कमी सांगतं. आणि ते कमी सांगतं म्हणून तबकडी जास्त देते."

"हो."

"किती पदकं?"

"तीनशे चाळीस. माझ्याच सहीची."

रुकसानाने डोळे मिटले. "एकाचीही तक्रार नाही आली."

"एकाची आली," हेमांगी म्हणाली. "दिवाळीपासून. मी आकडा वाचून दाखवत होते."

रुकसानाने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "दुसानेबाई, कुणाला इजा झाली असेल असं वाटत नाही. मर्यादेच्या आतच आहे, कडेला. पण सहा महिने, वर्ष असंच चाललं असतं तर कातडी वाळून भेगा पडल्या असत्या, आणि मग आपण म्हणालो असतो, म्हातारी माणसं, पाणी कमी पितात." तिने खुर्ची ओढली. "टोपण कुणी काढलं?"

"मी."

"बरं. लिहा."

त्याच संध्याकाळी तीनशे चाळीस घरांतल्या तबकड्यांना निरोप गेला : पुढची सूचना येईपर्यंत चारच्या वर चढायचं नाही. त्याने बॅटरी जरा सावकाश भरणार होती, इतकंच. संदर्भ-सेन्सर दिल्लीला गेला. तिथून तो स्वच्छ होऊन आल्यावर नवे तक्ते बनणार होते. पदकं परत मागवायचीही गरज नव्हती. दुरुस्ती हवेतूनच पोचणार होती. हेमांगीची सही सहा महिन्यांसाठी काढून घेतली गेली. तिने टेबलावरचा शिक्का रुकसानाच्या हातात दिला, आणि आश्चर्य म्हणजे खांदे हलके वाटले.

अहवाल तिने घरी लिहिला. गुरुवारी सकाळी नानांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, ओळीवर बोट ठेवून.

"माझं नाव कुठंय?"

"नाही घातलं."

"का?"

"तुम्हाला काय माहीत होतं नाना? नियम मला माहीत होता."

"सोनं उघडं ठेवलंस ते तुझं," नाना म्हणाले. "बोट माझं. घाल."

"लोक हसतील."

"हसू देत. सोनाराने काट्यात खोट असल्याचं स्वतः सांगितलं तर गिऱ्हाईक हसतं, पण दुकान सोडत नाही." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "आणि तो दीड मासाही घाल. तुझ्या यंत्राने बारा सांगितलं, मी साडेबारा. अर्ध्याने चुकलो ते लिही. उघड्या हाताने कोण साधतं एवढं."

तिने घातलं. प्रयोगशाळेच्या इतिहासात प्रथमच कारणाच्या रकान्यात 'पूजेचं कुंकू' आणि शोधपद्धतीच्या रकान्यात 'रुग्णाची कातडी, त्यानंतर जुन्या पदकाशी तुलना' असं लिहिलं गेलं. रुकसानाने त्यातला एकही शब्द बदलला नाही.

साडेदहाला रवींद्र गाडी घेऊन आला. नानांनी त्याला पोहे खायला लावले, गाडी छान आहे म्हणाले, आणि शेजारच्या सुनेचं पैंजण द्यायचं राहिलंय तेव्हा या खेपेला जमणार नाही, असं सांगून त्याला वाटेला लावलं. पैंजण मंगळवारीच तयार झालं होतं. हेमांगीने पोह्यांच्या बशा उचलल्या.

दिल्लीहून सेन्सर यायला अडीच महिने लागले. मधल्या काळात तिने एक वही केली. कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. नानांचं 'थोडंसं' म्हणजे किती, सकाळचं किती, दुपारचं किती. 'बरं आहे' हे जेवणाआधी म्हटलं तर काय आणि नंतर म्हटलं तर काय. 'काही नाही' या ओळीपुढे तिने बरेच दिवस जागा कोरी ठेवली होती, मग तिथे लिहिलं : पुन्हा विचारणे.

नवा तक्ता वैशाखातल्या एका दुपारी आला. पदकाने एक बारीक आवाज केला आणि आकडा क्षणभर गायब होऊन परत आला. तीन वाजत होते. नाना पाटावर बसले, गुडघे वर घेतले, शेजारणीच्या नथीचा मोती चिमट्यात धरून वाकले. छतावर तबकडी वर चढली. चार. पाच. साडेपाच.

हेमांगीने लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नानांसमोर जमिनीवर बसली.

"सांगा."

नानांनी घाई केली नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते जसे काटा स्थिर व्हायची वाट पाहायचे, तसे थांबले. मोती खाली ठेवला. तळहात छातीशी नेला, काढला.

"बरोबर शे," ते एरंडोलच्या बोलीत म्हणाले आणि नथ परत उचलली.

हेमांगी उठली, चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं, दोन कप काढले. लॅपटॉपवरचा आकडा तिने चहा गाळून झाल्यावर पाहिला. त्याचंही बरोबर होतं.